दादांना मऊ लागणारा ब्रेक

आमच्या गाडीला ब्रेकची दोन पेडलं होती. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरं शेजारी बसलेल्या दादांच्या पायाखाली. त्यामुळं लहानपणी माझी अशी समजूत होती, की मोटार ही दोघांनी मिळून चालवायची वस्तू आहे. भूममध्ये तेव्हा मोटारी इतक्या थोड्या होत्या, की ती समजूत मोडायला बरीच वर्षं कुणी आलं नाही. दादा म्हणजे माझे वडील. ते मोटार शिकवायचे. तरुणपणी त्यांनी एका कंत्राटदाराचा ट्रक चालवला, मग एका डॉक्टरांची जुनी पांढरी गाडी घेतली, तिला शेजारच्या बाजूनं क्लच आणि ब्रेक बसवून घेतला आणि घरावर पाटी लावली. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायला लागलं. दादा सातवीपर्यंत शिकलेले, त्यामुळं गल्लीतल्या खऱ्या मास्तरांना हे फारसं आवडत नसे. पण पुढं तेही गाडी शिकायला आमच्याकडंच आले.

घराची पुढची खोली म्हणजे शाळा. तिच्या भिंतीवर दादांनी स्वतः रंगवलेल्या रस्त्यावरच्या खुणा होत्या. पुढे रेल्वे फाटक आहे, पुढे अरुंद पूल आहे, हॉर्न वाजवू नये. भूमला रेल्वे नव्हती आणि हॉर्न न वाजवणारा माणूसही नव्हता, तरी दादा प्रत्येकाकडून त्या खुणा पाठ करून घ्यायचे. मागच्या खोलीत आईचा स्वयंपाक. सकाळी पहिला शिकाऊ यायचा तेव्हा आई भाकरी थापत असायची. परातीतली तिच्या हाताची थपथप आणि अंगणातली स्टार्टरची घरघर एकदमच सुरू व्हायची. आई त्या गाडीच्या पुढच्या सीटवर कधी बसली नाही, पण कुणाचा गिअर कसा पडतो हे तिला चुलीपाशी बसून कळायचं. "आज तो बँकेतला आलाय वाटतं," ती म्हणायची आणि बाहेर खर्रकन आवाज व्हायचा. दुपारी हुलग्याचे शेंगोळे केले असले, की लसणाचा वास अंगणापर्यंत जायचा आणि शिकाऊ माणसाचा धडा त्या दिवशी जरा आखूड व्हायचा. एरवी दादा वेळेचे पक्के होते.

त्या उन्हाळ्यात माझी बारावी झाली होती. पुढं काय, यावर घरात बोलणं चालू होतं, आणि ते बोलणं संपेपर्यंत मी गाडीत मागच्या सीटवर बसत होते. हे माझं कामच होतं. बायका शिकायला यायला लागल्या होत्या आणि परक्या पुरुषाबरोबर एकटं गाडीत बसणं गावाला पटणारं नव्हतं, म्हणून मास्तरांची पोरगी सोबतीला. मी मागं बसून काहीच करत नसे. समोर दोन डोकी दिसायची, एक घाबरलेलं आणि एक न घाबरलेलं. गाडी शिकवायला त्या दुसऱ्या डोक्याचा फार उपयोग असतो, हे मला तिथंच कळलं. दादा कधी ओरडले नाहीत. समोर बैलगाडी आली, शिकाऊ बाईनं स्टीअरिंग सोडून डोळे झाकले, तरी ते खिडकीबाहेर बघत बसल्यासारखे बसायचे आणि पायानं हळूच गाडी थांबवायचे. थांबल्यावर म्हणायचे, "आता डोळं उघडा. बैल गेलं."

शिकणाऱ्यांत सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर होत्या. त्यांच्या यजमानांनी गाडी घेतली होती, पण ती चालवायचं धाडस त्यांना होत नव्हतं, म्हणून सिस्टर शिकत होत्या. उंच, शांत बाई. इंजेक्शन देताना जसं पेशंटशी बोलतात तसं त्या गाडीशी बोलायच्या. "झालं, झालं, एवढंच," म्हणत गिअर टाकायच्या आणि तो पडायचाही.

एका बाजाराच्या दिवशी त्या गाडी चालवत होत्या. येरमाळ्याच्या रस्त्यानं जाऊन आम्ही परत येत होतो. गावात शिरताना जरा उतार आहे. त्या उतारावर एका म्हाताऱ्यानं आपला शेळ्यांचा कळप रस्त्यावर आडवा घातला. सिस्टरांनी ब्रेक दाबला. गाडी चालतच राहिली. दादांनी आपला ब्रेक दाबला. ही दोन्ही पेडलं एकाच दांड्यानं जोडलेली, त्यामुळं एक खाली गेलं की दुसरंही जातं. दोन्ही खाली गेली, अगदी पत्र्याला टेकली, आणि गाडी चालतच राहिली. मग दादांनी पाय उचलून पुन्हा दाबला, पुन्हा उचलला, पुन्हा दाबला, आणि हँडब्रेक ओढला. शेळ्या निघून गेल्या होत्या. आम्ही एका कांदेवाल्याच्या हातगाड्याला टेकून थांबलो. दोन-चार कांदे खाली पडले. कांदेवाला काही बोलायच्या आत दादांनी उतरून ते उचलून परत ठेवले.

"मास्तर, माझं काय चुकलं?" सिस्टरांनी विचारलं.

"तुमचं काय न्हाय. ब्रेक बसलाय," दादा म्हणाले. "पयल्या दाबाला खाली जातोय आन् तीन-चार बार मारला की धरतोय. म्हंजी नळीत हवा हाय. हवा आलीय म्हंजी कुठूनतरी तेल गेलंय."

हे त्यांचं निदान तंतोतंत बरोबर निघालं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढं जे झालं त्यात दादांना मोटारीतलं काही कळत नव्हतं असा कुणाचा समज व्हायला नको.

गाडी हँडब्रेकवर हळूहळू रज्जाकचाचांकडं नेली. एसटी स्टँडच्या मागं, लिंबाच्या झाडाखाली त्यांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याचं एक छप्पर आणि त्याच्यापुढं तेलानं काळी झालेली जमीन. रज्जाकचाचा दादांच्याच वयाचे. दोघांची ट्रकच्या दिवसांपासूनची ओळख. एकमेकांना ते "रज्जाकभाई" आणि "मास्तर" म्हणायचे, आणि तासभर एका गाडीखाली शेजारी पडून राहिले तरी त्याहून जास्त फारसं बोलायचे नाहीत. चाचांनी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची बाटली बघितली. अर्ध्याच्या खाली. मग चारही चाकांच्या आतल्या बाजूला हात फिरवला. मागच्या डाव्या चाकापाशी हात ओला झाला. त्यांनी बोटं हुंगली आणि म्हणाले, "ये बगा मास्तर, इथंच रडायलंय."

चाक काढलं, ड्रम काढला. आत दोन रबरी वाट्या असलेला एक छोटा सिलिंडर असतो. ब्रेक दाबला की तेल येऊन त्या वाट्यांना ढकलतं आणि त्या ड्रमला घासणाऱ्या लायनरला. त्यातली एक वाटी चिरली होती. चाचांनी नवी रबरं घातली, ड्रम पुसून कोरडा केला, आणि मग नळीतली हवा काढायची वेळ आली. हे दोघांचं काम. एकानं गाडीत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकापाशी हवा सोडायची निपल ढिली करायची. तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येतात. निपल घट्ट केल्याशिवाय वरच्यानं पाय उचलायचा नाही, नाहीतर तीच हवा परत आत. दादा वर बसले, चाचा खाली. "दाबा." "दाबलं." "धरा." "धरलंय." "सोडा." "सोडलं." एवढ्याच शब्दांत ते चारी चाकांभोवती फिरले. शेवटी बुडबुडे थांबले. सगळ्यांनी एकेकदा ब्रेक दाबून बघितला. मीही बघितला. पाय अर्ध्यावर जाऊन दगडावर पडल्यासारखा थांबत होता.

"लागला का आता?" चाचांनी विचारलं.

दादांनी पुन्हा दाबून बघितला. "जरा मऊ हाय," ते म्हणाले. "उद्यापतुर बसंल."

तो बसला नाही. म्हणजे ब्रेक चांगला होता, पण दादांना तो मऊच लागत राहिला. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा लिंबाखाली. चाचांनी पुन्हा हवा काढली. हवा निघाली नाही, कारण नव्हतीच. मग त्यांनी पेडल दाबून बराच वेळ धरून ठेवलं. पेडलाजवळचा मुख्य, म्हणजे मास्टर सिलिंडर आतून गळत असेल तर धरलेला पाय हळूहळू खाली जातो. पाय जागचा हलला नाही. तरी दादांच्या समाधानासाठी मास्टर सिलिंडर बदलला. मग पुढच्या चाकांचे रबरी पाइप बदलले, कारण जुना पाइप दाबाखाली फुगतो आणि पेडल मऊ लागतं. मग दोन पेडलांना जोडणारा दांडा काढून त्याचे बुश, म्हणजे टोकांच्या कड्या, बदलले. मग लायनर जवळ घेतले. दर वेळी चाचा दाबून बघायचे आणि म्हणायचे, "पॅडल एकदम पत्थर हाय मास्तर." दर वेळी दादा दाबून बघायचे आणि म्हणायचे, "मऊ लागायलाय."

आमच्या घरात त्या दिवसांत दुसरा विषय राहिला नाही. दादा जेवताना ताट बाजूला सारून पाटावर बसल्या बसल्या पायानं दाखवायचे, कसं जातंय ते. "असं बग. कापसावर ठेवल्यागत लागतंय." आई म्हणायची, "आवं, भाकरी गार व्हायलीय." मग ते घटाघटा पाणी पिऊन पुन्हा तेच सांगायचे. पाणी ते त्या उन्हाळ्यात फार प्यायचे. माठ भरून ठेवला की दुपारी रिकामा. आई चिडायची, पण ऊनही तसंच होतं, त्यामुळं त्याचं कुणाला काही वाटलं नाही. ते बारीकही झाले होते. तेही ब्रेकच्या काळजीनं असणार असं आम्ही धरून चाललो.

गाडीत मात्र फरक पडला होता आणि तो मागच्या सीटवर जास्त कळायचा. पूर्वी दादा गाडी थांबवायचे ती थांबल्याचंही समजायचं नाही. आता त्यांचा ब्रेक म्हणजे हिसका. ब्रेक मऊ आहे म्हणून ते जोरात दाबायचे, आणि ब्रेक मऊ नसल्यामुळं गाडी जागच्या जागी खिळायची. माझं कपाळ पुढच्या सीटला आपटायचं. बँकेतल्या शिकाऊ माणसाच्या नाकाला लागलं आणि तो दोन-चार दिवस आला नाही. दर हिसक्यानंतर दादा म्हणायचे, "बगितलं? शेवटाला धरतोय." मी एकदा धीर करून म्हणाले, "दादा, मला तर टाइट लागतो." ते म्हणाले, "तुझा पाय हलका हाय. तुला काय बी टाइट लागंल." त्यांच्या पायाला चाळीस गावचे रस्ते माहीत होते. माझ्या पायाला मागच्या सीटखालची चटई. आजही मला वाटतं, की त्यांच्या जागी मी असते तर मीही स्वतःच्या पायावरच विश्वास ठेवला असता.

शेवटी एक दिवस चाचा हात पुसत म्हणाले, "मास्तर, आता बदलायचं काय ऱ्हायलंच न्हाय. गाडीत काय न्हाय."

"मग माझ्यात हाय का?" दादा म्हणाले.

दादांनी मला मागं बसवून गाडी काढली आणि ते सरळ बार्शीला गेले. जाताना ते मला म्हणाले, "रज्जाकभाईचा हात गेला. वय झालं त्याचं." बार्शीच्या मोठ्या गॅरेजातल्या तरुण पोरानं गाडी बघितली, ब्रेक दाबला आणि विचारलं, "काका, प्रॉब्लेम काय आहे?" गावात परत आल्यावर लोकांना मात्र त्यांनी सांगितलं, की रज्जाकनं हलके पार्ट घातले. ते चाचांच्या कानावर गेलंच. भूम तेव्हा एवढंसंच होतं.

बार्शीलाही काही निघालं नाही म्हटल्यावर त्यांना पुन्हा लिंबाखालीच यावं लागलं. ते आले ते जणू काही झालंच नाही असे, आणि चाचांनीही तसंच घेतलं. दुपारची वेळ होती. सिस्टरांच्या धड्याची वेळ तीच, म्हणून त्याही आल्या होत्या आणि माझ्याशेजारी बाकावर बसल्या होत्या. दादा म्हणाले, "रज्जाकभाई, येकदा परत हवा काढू. ह्या बारीला माझ्या मनासारखी." चाचा पाना घेऊन मागच्या चाकापाशी आडवे झाले. दादा गाडीत बसले. इंजिन बंद. दार उघडं होतं.

"दाबा," खालून आवाज आला.

"दाबलं."

निपल ढिली झाली. तेल आलं नाही.

"मास्तर, दाबा."

"दाबलंय की!"

"तेल येत न्हाय."

"कसं येईल? पार खाली गेलंय. बग की, कसलं मऊ हाय ते! काय दाबच न्हाय!" दादांच्या आवाजात जवळजवळ आनंद होता. इतक्या दिवसांनी गाडीनं शेवटी सगळ्यांसमोर त्यांची बाजू घेतली होती.

मी उठून दारापाशी गेले आणि आत वाकून बघितलं. दादा समोर काचेतून बघत होते. उजवा पाय ताठ करून त्यांनी पेडल पत्र्यापर्यंत दाबून धरलं होतं. ते ॲक्सिलेटर होतं. शेजारचं ब्रेकचं पेडल वर होतं, कुणीही न दाबलेलं.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते मी नीट सांगू शकत नाही. मला ते हसण्यासारखं वाटलं असावं, कारण मी हसले नाही हे मला आठवतं. चाचा गाडीखालून सरकत बाहेर आले होते. त्यांनीही बघितलं. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि मग पाना पुसायला लागले, जो पुसायची गरज नव्हती.

"दादा," मी म्हणाले, "पाय ब्रेकवर न्हाय."

"काय बोलतीस?"

"खाली बगा."

त्यांनी खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पाय उचलून हातानं धरल्यासारखा शेजारच्या पेडलावर ठेवला आणि म्हणाले, "घसरला असंल."

तोवर सिस्टर बाकावरून उठून आल्या होत्या. त्या पेडलाकडं बघतच नव्हत्या. "मास्तर, जरा चप्पल काढता का?" त्या म्हणाल्या. दादांना ते अपमानास्पद वाटलं असणार, पण सिस्टरांचा तो आवाज इंजेक्शनचा होता आणि त्याला सहसा कुणी नाही म्हणत नसे. त्यांनी चप्पल काढायला पाय उचलला. चप्पल निघेना. सिस्टरांनी वाकून ती धरली आणि सरळ खाली ओढली. बाभळीचा एक लांब काटा चपलेच्या तळव्यातून आरपार येऊन दादांच्या टाचेत गेला होता. त्याच्याभोवतीचं रक्त वाळून काळं झालं होतं. म्हणजे तो निदान सकाळपासून तिथं होता. दादा सकाळपासून चालत होते, गाडी शिकवत होते, जेवले होते.

"दुखतंय का?" सिस्टरांनी विचारलं.

"काय?" दादा म्हणाले.

सिस्टरांनी काट्याच्या बाजूला बोटानं दाबलं. "हे?"

दादा त्यांच्या बोटाकडं बघत राहिले. "न्हाय," ते म्हणाले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक आला.

सिस्टरांनी तहान किती लागते विचारलं. लघवीला किती वेळा उठता विचारलं. घरात कुणाला साखर होती का विचारलं. दादांनी ब्रेकबद्दल जेवढं सांगितलं असतं तेवढं यातल्या कशाबद्दलच सांगितलं नाही, म्हणून उत्तरं मीच दिली. सिस्टर म्हणाल्या, "उद्या उपाशीपोटी दवाखान्यात या. आणि तोवर गाडी नको." रज्जाकचाचांनी गाडीची किल्ली काढून न विचारता माझ्या हातात दिली.

साखर निघाली, आणि ती आजची-कालची नव्हती, बऱ्याच वर्षांची असावी असं डॉक्टर म्हणाले. पायाच्या नसा आतून मेल्या होत्या. जखम पुढं भरून आली. पण नसा परत येत नाहीत. आता माझ्या वयाच्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं, मीच सहा महिन्यांनी रक्त तपासून घेते. तेव्हा आमच्या घरात साखर म्हणजे डब्यातली. आईनं डॉक्टरांचं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "म्हंजी ब्रेक चांगला हाय?" डॉक्टरांना काही कळलं नाही.

पण दादांनी मानलं नाही. घरी आल्यावर ते म्हणाले, पाय थोडा बधिर आहे, मान्य. पण शेजारी बसून शिकवायला त्याचं काय? शिकवणं डोक्यानं असतं. त्यांनी औषध घेतलं, पथ्य पाळलं, डॉक्टरांनी सांगितलेले कॅनव्हासचे बूट घातले आणि आठवड्यानं पुन्हा किल्ली मागितली. आईनं माझ्याकडं बघितलं. मी दिली नाही, आणि नाही असंही म्हणाले नाही. नुसती उभी राहिले. दादा म्हणाले, "बरं. तू बी चल."

आम्ही बाजारच्या मैदानावर गेलो. गाडी मी चालवली; दादांनी मला मागच्याच वर्षी जुजबी शिकवून ठेवलं होतं. बाजार नसला की ते मैदान अगदी मोकळं असतं, एखादी म्हैस आणि उडणाऱ्या पिशव्या. दादांनी मला शेजारी बसवलं, स्वतः स्टीअरिंगवर बसले, आणि इंजिन बंदच ठेवून म्हणाले, "मी पुढं बगतो. तू माझ्या पायाकडं बग. मनाला येईल तवा 'ब्रेक' म्हन. पाय कुठं पडतोय ते सांग. खरं सांग."

मी वाकून बसले. "ब्रेक," म्हणाले. कॅनव्हासचा बूट उचलला गेला आणि पेडलावर पडला. "बसला," मी म्हणाले. दादांनी मान हलवली. पुन्हा. बसला. पुन्हा. बूट पेडलाच्या कडेवर पडून निसटला. "कडंला लागला." "कडंला चालतंय. पुढं." पुन्हा बसला. मला वाटलं, इथंच थांबावं. इथं थांबले असते तर घर पूर्वीसारखं चाललं असतं, भिंतीवरच्या खुणा, सकाळची घरघर, सगळं. "म्हन की," दादा म्हणाले. "ब्रेक," मी म्हणाले. पाय उचलला गेला, मधे क्षणभर हवेत शोधत राहिला आणि पूर्ण जोरानं ॲक्सिलेटरवर पडला.

"बसला?" दादांनी समोर बघतच विचारलं.

मी अजून वाकूनच होते.

"शकू. बसला का?"

"न्हाय."

"कुठं हाय?"

"ॲक्सिलेटरवर."

ते तसेच बसून राहिले. पायही तिथंच होता. मैदानाच्या पलीकडं एक बाई डोक्यावर पाटी घेऊन चालली होती आणि तिच्यामागं तिचं लेकरू पाय ओढत, रडत चाललं होतं. दादा त्या दोघांकडं ती नजरेआड होईपर्यंत बघत होते. मग म्हणाले, "खाली बगितलं तर बरोबर बसतोय." मी काही म्हणायच्या आत त्यांनीच पुढं म्हटलं, "पन चालवताना खाली बगता येत न्हाय." आणि दार उघडून उतरले. गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले. मी सरकून स्टीअरिंगवर बसले. ते शेजारी बसले आणि त्यांनी दोन्ही पाय आखडून सीटखाली घेतले, समोरच्या पेडलांपासून जितके लांब नेता येतील तितके. घरापर्यंत ते तसेच बसले होते.

घरावरची पाटी काढायच्या आधी त्यांना एकच काम पुरं करायचं होतं. सिस्टरांचं शिकणं अर्धवट राहिलं होतं आणि अर्धवट शिकलेला माणूस रस्त्यावर सोडणं त्यांना मान्य नव्हतं. मग असं ठरलं, की शेजारच्या पेडलांवर मी बसायचं आणि दादांनी मागून नुसतं बोलायचं. कायद्यात हे बसत होतं का, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि आता विचारण्यात अर्थ नाही. दादा मागून शांतपणे सांगायचे, "शकू, आता," आणि मी पाय ठेवायची. सुरुवातीला माझेही हिसकेच बसायचे. सिस्टर पास झाल्या. पुढं बदली होईपर्यंत त्या यजमानांना शेजारी बसवून गावभर गाडी फिरवायच्या आणि दादांना दवाखान्यात तपासायला नेण्याचं कामही त्यांनीच धरलं.

पुढं काय, हे घरातलं बोलणं अखेर संपलं आणि मी कॉलेजला नाव घातलं. जायच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी दादा बूट घालून निघाले. म्हणाले, रज्जाकभाईकडं जाऊन येतो. गाडीनं सोडू का विचारलं तर नको म्हणाले. मी तरी मागोमाग गेलेच, कारण त्यांनी रस्त्यात कशावर पाय दिला तर ते त्यांना कळणार नव्हतं. चाचा लिंबाखाली एका जीपचं चाक खोलत बसले होते. दादा जाऊन त्यांच्यापुढं उभे राहिले. चाचांनी वर बघितलं आणि बाकाकडं हात केला. दादा बसले नाहीत.

"रज्जाकभाई," ते म्हणाले, "ब्रेक चांगला होता."

"मला ठावं होतं," चाचा म्हणाले.

"मग तवाच का न्हाय सांगितलं?"

"सांगितलं की. तुमी बार्शीला गेला."

दादांनी यावर विचार केला. मग बाकावर बसले. "पार्टाचं बी मी बोललो गावात," ते म्हणाले. "ते बोलायला नको होतं."

"नकोच होतं बोलायला," चाचा म्हणाले आणि चाकाचा एक नट काढून ताटलीत टाकला. मग दुसरा टाकला. मग त्यांनी स्टँडवरच्या हॉटेलाकडं तोंड करून हाक मारली, "दोन चहा! बिगर शक्कर!"

"दोन्ही?" पलीकडून विचारणा झाली.

"दोन्ही!"

चाचांना साखर नव्हती, त्यांना काहीच नव्हतं. चहा आला. दोघं बाकावर शेजारी बसून प्यायला लागले. चाचांनी पहिला घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला, आणि गिळून दादांकडं बघितलं.

"हे रोज पिता मास्तर?"

"रोज," दादा म्हणाले.

चाचांनी पेला संपवला.